आतून रंगवायची गाडी

रविवार, १४ नोव्हेंबर १९९३

ही वही कंपनीची. वागळे इस्टेटमधल्या आमच्या पंख्याच्या कारखान्याला टाळं लागलं, त्या दिवशी माझ्या पिशवीत डबा, छत्री आणि ही वही एवढंच होतं. गेटवरच्या माणसाने पिशवी तपासली, वही उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाला, जा घेऊन. कव्हरवर लिहिलंय 'पेंट बूथ नं. २, दोष नोंद'. चोवीस वर्षं मी स्प्रे गनने पंख्याची पाती रंगवली आणि सुटायच्या आधी रोज लिहिलं: दोष काय, कारण काय, उपाय काय. निम्मी वही कोरी आहे. कोरी पानं वाया गेलेली मला खपत नाहीत, म्हणून आता घरचं लिहितो.

टाळं लागून सात महिने झाले. नाथा, माझा चुलतभाऊ, घोडबंदर रोडला एका नव्या टॉवरवर वॉचमन लोकांचा मुकादम झालाय. येता-जाता डोकं खातो. "गुणा, सव्वीस जानेवारीला टॉवर उघडतोय. तोवर सांग. खुर्ची मिळते, शिट्टी मिळते." अरे, ज्या हातात चोवीस वर्षं गन होती त्या हाताने शिट्टी धरू? बघतो म्हटलं. बहीण भागीरथी मोरळीवर बोंबील कापत होती, ती म्हणाली, "दादूस, नुसता बसून हात गंजेल तुझा." ती अकरा वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर कोळीवाड्यात माझ्याकडे आली. माझी बायको मनुबाई त्याच्याही आधी गेली. तेव्हापासून घर भागीचं आहे, मी तिथे राहतो.

तर आज नाथानेच एक गिऱ्हाईक पाठवलं. तानाजी शेडगे, राहणार डोंबिवली, टेलिफोन खात्यात नोकरी, मूळ साताऱ्याकडचा. बायको नाही, वारली. पन्नाशीचा बाप्या, आणि पिशवीतून काय काढावं? खेळण्यातली मोटार! "खेळणं नाही," म्हणाला, "रिमोटची रेसिंग गाडी आहे." भाऊ रामा बोटीवर कामाला, तो सिंगापूरहून आणतो. गाडीवर पारदर्शक प्लास्टिकचा टोप बसतो, मिठाईच्या खोक्याच्या झाकणासारखा पातळ. त्याला बॉडी म्हणायचं. ती याने लाल रंगवली होती. पहिल्याच धडकेत रंगाचे खवले निघाले.

दोष: रंग सुटला. कारण: अडाणीपणा. उपाय: उद्या थिनरने धुऊन नवा हात मारतो. अर्ध्या तासाचं काम.

सोमवार, १५ नोव्हेंबर

दोष: बॉडी दुधासारखी पांढरी झाली, तडे गेले, बोट लावलं तर आरपार गेलं.

कारण: थिनर.

थिनर कोणी लावला ते लिहायला या वहीत रकाना नाही.

रविवार, २१ नोव्हेंबर

भागीला बजावून ठेवलं होतं, शेडगे आला तर सांग, गुणाजी टिटवाळ्याला गणपतीला गेलाय. तिने त्याला सरळ आत घेतलं आणि सांगितलं, "दादूस मोरीत लपलाय."

पण तानाजीराव चिडले नाहीत. उलट खूश दिसले. म्हणाले, "काही हरकत नाही. अजून अकरा आहेत. रामाने डझनच आणल्यात." मग एक छापील कागद काढला. वाचता दोघांनाही येईना, पण चित्रं होती, आणि चित्रं बघता बघता माझ्या डोक्यात उजेड पडला. ही बॉडी आतून रंगवायची! बाहेरच्या अंगावर एक पातळ पापुद्रा असतो, तो सगळं झाल्यावर सोलून टाकायचा, की वर काचेसारखी चकाकी. आणि क्रम सगळा उलटा. पंख्याला आधी अस्तर, मग रंग, मग वर सोनेरी पट्टा. इथे पट्टा आधी, रंग नंतर आणि अस्तर सगळ्यात शेवटी. म्हणजे पहिला हात चुकला की तो कायम दर्शनी दिसणार, मागून कितीही हात मारा. बाप रे! चोवीस वर्षांत असलं काम हाताखालून गेलं नाही. माझी बोटं नुसती शिवशिवायला लागली.

यांचा चौदा जणांचा क्लब आहे. दर रविवारी सकाळी ठाण्यात एका शाळेमागच्या सिमेंटच्या मैदानावर गाड्या पळवतात. कोणी इंजिनियर, कोणी बिल्डर, म्होरके डॉक्टर कर्णिक. रंगकामात सगळ्यांचीच बोंब. "सव्वीस जानेवारीला मोठी रेस आहे," तानाजीराव म्हणाले. "तुमच्या हातची एक बिनडागाची बॉडी डॉक्टरांना दाखवतो. पसंत पडली तर चौदाही जणांचं काम कायमचं तुमच्याकडे." म्हणजे शिट्टी टळली! नाथाला तोंडावर सांगता येईल, की बाबा, तुझी खुर्ची तुलाच लखलाभ.

तानाजीराव माणूस बरा, पण रीतभात नाही. शेजारची रखमाबाई दारात बसली होती, तिला आयुष्यात पहिल्यांदा बघितलं तरी "ताई, जरा सरका" म्हणाले. आमच्या भागीला मात्र ना ताई, ना बाई. छपराकडे बघून विचारतात, "पाणी मिळेल का?" घाटावरची माणसं, दुसरं काय.

रविवार, २८ नोव्हेंबर

जुना रंग काढायचा उपाय सापडला. बॉडीच्या कडेच्या कापून उरलेल्या पट्ट्यांवर एकेक लावून बघितलं. रॉकेलने काही होत नाही. लिंबाने काही होत नाही. भागीने चिंचेचं पाणी दिलं, त्यानेही नाही, पण वास छान आला. शेवटी रिक्षावाल्या काळुरामकडून ब्रेक ऑइल आणलं. त्यात फडकं भिजवून ठेवलं, तासाभराने रंग सायीसारखा निघून आला, प्लास्टिकला धक्का नाही. मग साबणाने धुवायचं. मात्र दोनदा धुतली की बॉडी अंधुक होते, तिसऱ्यांदा टाकूनच द्यायची.

तानाजीरावांनी दुसरी बॉडी आणली. घरी स्वतः रंगवली होती, आणि आतून, शहाण्यासारखी. फक्त काचांच्या जागी चिकटपट्टी लावायची राहिली. पुढची काच लाल, मागची लाल, खिडक्या लाल. गाडी की डबा! मी विचारलं, "टेलिफोनमध्ये काम काय करता तुम्ही?"

"केबल जोडतो. एकेका केबलीत शेकडो बारीक तारा असतात. रंग बघून याची त्याला जोडायची."

"चुकलात कधी?"

"छे! एक तार चुकली तर कोणाचा फोन कोणाकडे जाईल."

आता बोला. शेकडो तारांत न चुकणाऱ्या माणसाला चार काचा दिसल्या नाहीत. कारणाच्या रकान्यात काय लिहू? कोरा ठेवला.

जेवायला थांबवलं. भिंगाचं कालवण होतं. या मासळीत मांसापेक्षा काटे जास्त. साताऱ्याचा गडी पहिल्याच घासाला अडकला, डोळे पांढरे केले. भागीने त्यांचं ताट ओढलं, सगळे काटे वेचले आणि परत सरकवलं. बरोबर केलं. पाहुणा घरात मेला तर निस्तरायचं कोणी? माझ्या ताटातला काटा मात्र तिने अकरा वर्षांत काढलेला नाही.

रविवार, ५ डिसेंबर

आज पहिली बॉडी सगळी माझ्या हातची. काल संध्याकाळी साबणाने धुतली, सुती फडक्याने पुसली, पडवीत टोपलीखाली झाकून ठेवली. हवेसाठी भंगारातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर लावलाय, नीट चालतो. तानाजीराव बघायला बसले होते. मी ऐटीत गन धरली, पहिला हात मारला आणि बघतो तर काय, बॉनेटच्या डाव्या अंगाला रंग बसेचना! बाजूला सरकतो आणि मधे बारीक गोल डोळे उघडे राहतात. कारखान्यात याला फिशआय म्हणायचे. कारण नेहमी एकच असतं: तेल.

गिऱ्हाइकासमोर असली बेअब्रू कधी झाली नव्हती. तानाजीराव म्हणाले, "असू द्या. पुढच्या रविवारी परत बघू." आणि शीळ वाजवत गेले.

दोष: फिशआय. कारण: फ्रिजचा कॉम्प्रेसर तेल ओकत असणार. उपाय: नळीत कापूस.

रविवार, १२ डिसेंबर

नळीत कापूस घातला, कापसावर मलमल, मलमलीवर भागीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. हवा इतकी स्वच्छ की नाकाला लावून झोपावं. तरीही फिशआय! त्याच जागी, बॉनेटच्या डाव्या अंगाला.

तानाजीरावांनी घरी बिघडवलेल्या दोन बॉड्या आणल्या आहेत. एकीचा पापुद्रा आधीच सोलून ठेवला होता, त्यामुळे बाहेरच्या अंगावरही रंगाचे शिंतोडे बसलेत. दुसरीवर लाल रंग ओला असतानाच वरून मासिकाचं पान चिकटलं. एका मंत्र्याची अर्धी मिशी छतावर उलटी उमटलीय. मी म्हटलं, "तानाजीराव, कमाल आहे तुमची." ते लाजले. भागी आत तोंडाला पदर लावून हसत होती. तिला एवढं कशाचं हसू आलं कळलं नाही, मिशी काही एवढी मजेदार नव्हती.

मंगळवार, १४ डिसेंबर

कारण सापडलं! बोंबील! घरात सकाळ-संध्याकाळ तळण चालतं, तेलाची वाफ पडवीत येते आणि बॉडीवर बसते. इतके दिवस हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

उपाय: आजपासून घरात तळण बंद.

शनिवार, १८ डिसेंबर

कोळ्याच्या घरात तळण बंद करायला वाघाचं काळीज लागतं. चार दिवस उकडलेली मासळी खातोय. आज भागीने उकडलेल्या बोंबलांचं ताट समोर ठेवलं आणि मी जेवून होईपर्यंत शेजारी उभी राहून बघत होती. रखमाबाईने कुंपणावरून विचारलं, "गुणाजी आजारी हाय काय ग?" भागी म्हणाली, "हाव. मोटार झालीय त्याला."

रविवार, १९ डिसेंबर

फिशआय. तानाजीरावांनी येताना दोन डझन केळी आणली होती. मला केळी आवडत नाहीत, भागीला आवडतात. त्यांना कसं कळणार म्हणा.

गुरुवार, २३ डिसेंबर

आज मुद्दाम गुरुवार धरला. मार्गशीर्षातला गुरुवार म्हणजे घरात मासळी येत नाही, तेलाची कढई चढत नाही, शेजारपाजारीही नाही. अख्खा कोळीवाडा वरणभातावर. काल संध्याकाळी भागीला सांगून ठेवलं, उद्या सकाळी मी हात मारणार, बघू आता फिशआय कुठून येतो. ती हं म्हणाली.

आला. त्याच जागी आला.

कॉम्प्रेसर नाही. बोंबील नाही. बॉडी तर माझ्याशिवाय कोणी धूत नाही. मग उरलं काय? सात महिने रिकामा बसलो. कदाचित मी धुतो तेव्हा धुतलं जात नाही. कदाचित पुसताना माझाच हात लागतो आणि मला कळत नाही. कारखान्यात म्हातारे रंगारी असे व्हायचे. त्यांना स्वतःला दिसायचं नाही, आम्हाला दिसायचं, आणि आम्ही मागून हसायचो. तेव्हा त्यांना काय वाटत असेल ते आज समजलं.

कारण: हात गेला.

उपाय: नाही.

बुधवार, २९ डिसेंबर

नाथाला हो म्हणून आलो. तो खूश, मला मिठीच मारली. शिट्टी आत्ताच दिली, म्हणाला सवय कर. येताना खाडीच्या काठाला फुंकून बघितली. आधी नुसतीच थुंकी आली. मग जी वाजली ती अशी वाजली की वस्तीतली सगळी कुत्री गोळा झाली आणि रखमाबाईच्या कोंबड्या काळुरामच्या रिक्षात जाऊन बसल्या.

घरी आलो तर भागी शिट्टीकडे बघत राहिली. म्हटलं, "काय ग?" म्हणाली, "तुझा हात नाय रं गेलाय." मी म्हटलं, तुला रंगातलं काय कळतं.

रविवार, ९ जानेवारी १९९४

काम सोडायचं नाही, रेसपर्यंत शब्द दिलाय. पण गन उचलतो आणि परत ठेवतो. आज हात मारलाच नाही. म्हटलं, ढग आहेत. ढग नव्हते.

तानाजीरावांना वाईट वाटलं असावं. कधी नाही ते बराच वेळ बोलत बसले. म्हणजे बोलत भागी होती, हे छपराकडे बघत हूं हूं करत होते. आमच्या छपराला एवढं काय लागलंय, एकदा शिडी लावून बघितलं पाहिजे.

शुक्रवार, १४ जानेवारी

संक्रांत. तानाजीराव सुट्टी टाकून तिळगूळ द्यायला डोंबिवलीहून आले. आमची ओळख दोन महिन्यांची. माझ्या हातावर टेकवलेला लाडू फुटका होता. भागीसाठी वेगळी पुडी, हलव्याचे दाणे, निवडून घेतल्यासारखे सगळे पांढरेशुभ्र. भागीला संक्रांतीला कोणी काही देत नाही, विधवा म्हणून हळदीकुंकवालाही बोलवत नाहीत. ती पुडी घेऊन आत गेली ती बाहेर आलीच नाही. मी म्हटलं, हिला हलवा आवडला नाही बहुतेक. तानाजीराव म्हणाले, "असं?" आणि त्यांचा चेहरा इतका पडला की मलाच माझा लाडू अर्धा मोडून त्यांना द्यावा लागला.

रविवार, १६ जानेवारी

डझनातल्या अकरा बॉड्या कामातून गेल्या. काही त्यांनी घालवल्या, काही मी. एक उरलीय. तानाजीरावांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "घाई नाही." मी म्हटलं, घाई कशी नाही, दहा दिवसांवर रेस आली. तर म्हणाले, "रेस काय, दरवर्षी असते." अजब माणूस.

गुरुवार, २० जानेवारी

आज रकाने सोडून लिहितो.

शेवटची बॉडी काल संध्याकाळी धुऊन टोपलीखाली ठेवली. आज सकाळी हात मारायच्या आधी वाटलं, धूळ आहे का बघावं, म्हणून ती उन्हासमोर धरली. धूळ नव्हती. बॉनेटच्या डाव्या अंगाला, आतून, एक अंगठा होता. अख्खा. तेलाचा. आणि त्यावरून आडवी एक तिरकी रेघ.

भागीच्या उजव्या अंगठ्यावर मोरळीचा घाव आहे. गेल्या नारळीपौर्णिमेला लागला, मीच हळद दाबली होती.

"भागे, इकरं ये!"

आली. मी बॉडी तिच्यापुढे धरली. नाही म्हणाली नाही. "खोबरेल हाय," एवढंच म्हणाली.

मग माझं डोकं फिरलं. तोंडाला येईल ते बोललो. महिनाभर मला वाटतंय माझा हात गेला! बोंबील सोडले मी! शिट्टी फुंकायला शिकलो! सख्ख्या भावाला असं जिवंतपणी मारतात काय? रखमाबाई कुंपणाशी येऊन उभी राहिली, तिलाही चार शब्द सुनावले. भागी सगळं ऐकत उभी होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मान खाली नव्हती.

मी दमून खाली बसलो तेव्हा म्हणाली, "गाडी झाली का मानूस कशाला येल?"

मी म्हटलं, "कोण माणूस?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मीच वही उघडली आणि पानं मागे उलटत गेलो. छप्पर. काटे. केळी. पुडी. शेकडो तारा न चुकणारा माणूस आणि चार काचा. सगळं लिहिलेलं होतं, तारीखवार, माझ्याच अक्षरात. मला चोवीस वर्षं दोष शोधायचा पगार मिळत होता!

मी म्हटलं, "त्याने तुला काही विचारलं?"

"तो काय इचारतो. छपराला इचारील."

आमच्यात विधवेचा पाट लावतात, कोणी नावं ठेवत नाही. अकरा वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नाही, की भागे, तुला पुन्हा घर मांडायचंय का. का नाही विचारलं? वेळेवर जेवण मिळत होतं म्हणून. आजसुद्धा पहिला विचार तोच आला, ही गेली तर कालवण कोण करणार. लाज वाटली मला. बाकीचं उद्या लिहीन.

रविवार, २३ जानेवारी

हात मारला. आधी चंदेरी पट्टा, मग लाल, मग अस्तर. एक डोळा नाही, एक ओघळ नाही, काचांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या. गन धरली की हात आपोआप चालतो, मला फक्त उभं राहावं लागतं. हात शाबूत आहे. किती बरं वाटलं ते या वहीत मावणार नाही. एकदा मोठ्याने म्हणूनही बघितलं, हात शाबूत आहे. पडवीत कोणी नव्हतं.

तानाजीरावांना निरोप धाडला होता, आज येऊ नका, वाळू दे.

मंगळवार, २५ जानेवारी

संध्याकाळी तानाजीराव आले. मी त्यांच्यासमोर पापुद्रा सोलला. एका सलग तुकड्यात निघाला, आणि खालून जी गाडी निघाली ती बघून मलाच भरून आलं. लाल असा की हात लावायला भीती वाटावी. म्हटलं, "घ्या. बिनडागाची. उद्या दाखवा तुमच्या डॉक्टरांना."

त्यांनी हातात घेतली. उजेडात फिरवली, इकडून बघितली, तिकडून बघितली. कुठे काही सापडतंय का ते शोधत होते बिचारे. सापडलं नाही. चेहरा असा केला, जसं कोणी गेल्याची तार हातात आलीय. "छान झालीय," म्हणाले. "म्हणजे आता... झालंच काम."

"झालं."

"बरंय मग."

भागी दारात उभी होती. आता हा माणूस तोंड उघडेल, मग उघडेल, म्हणून मी वाट बघितली. त्यांनी छपराकडे बघितलं, चपला घातल्या. भागी आत वळली आणि चुलीपुढे बसली. पाठ आमच्याकडे. चूल पेटलेली नव्हती.

मी म्हटलं, "थांबा. द्या इकडे."

बॉडी घेतली, उलटी केली. थिनरचा डबा उघडला, त्यात उजवा अंगठा बुडवला आणि बॉनेटच्या आतून, बरोबर मध्यभागी, दाबून धरला. दहा मोजले. अंगठा काढला तर लाल रंग अंगठ्यावर आणि बॉनेटवर माझा अख्खा ठसा, वळ्यांसकट, आणि प्लास्टिक तेवढंच दुधाळ. हा आता ब्रेक ऑइलनेही जाणार नाही. चोवीस वर्षांत मुद्दाम केलेला हा माझा पहिला दोष. आतून कळ आली, खोटं कशाला लिहू.

तानाजीराव बॉडीकडे बघतात, माझ्याकडे बघतात. "हे... हे दुरुस्त होईल?"

"होईल. वेळ लागेल. दर रविवारी यावं लागेल तुम्हाला."

"पण बॉड्या संपल्या हो. ही शेवटची."

"मग बॉडी न घेता या."

बराच वेळ काही कळलं नाही त्यांना. मग एकदम कळलं. कान लाल झाले, आमच्या गाडीहून लाल. छपराकडे बघायला मान वर केली, ती अर्ध्यातच थांबवली आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ आत चुलीकडे बघून म्हणाले, "भागीरथी, चहा मिळेल का?"

चूल पेटवायला तिला सहा काड्या लागल्या.

बुधवार, २६ जानेवारी

शाळेमागच्या मैदानावर झेंडावंदन झाल्यावर रेस. मी भागीला घेऊन गेलो. नाथाही आला होता, रेस झाली की मला थेट टॉवरवर न्यायला. शिट्टी माझ्या खिशात होती. काल रात्रभर विचार केला, डॉक्टर ठसा बघणार आणि काम जाणार हे उघड आहे. पण हात शाबूत आहे हे मला ठाऊक झालंय. आता त्यात गन असो नाहीतर शिट्टी, मला खाली मान घालायचं कारण नाही.

चौदा गाड्या सुटल्या. माशीसारखा आवाज, आणि पन्नास-पन्नास वर्षांचे बाप्ये हातात डब्या घेऊन ओरडतायत. तानाजीरावांची गाडी दुसऱ्या फेरीत कोपऱ्यावर उलटली आणि घरंगळत डॉक्टर कर्णिकांच्या बुटाशी येऊन थांबली. तानाजीरावांचं लक्ष गाडीवर नव्हतंच, भागीने आज अबोली माळली होती.

डॉक्टरांनी गाडी उचलली. चष्मा कपाळावर चढवला. पट्ट्यावरून नख फिरवलं, काचांच्या कडा बघितल्या, आणि म्हणाले, "वा! इतकी स्वच्छ कामगिरी मी सिंगापुरातही बघितली नाही." मग बॉनेट बघितलं. कपाळावर आठी. "आणि हे काय? एवढ्या सुंदर कामावर हा अंगठा? कोणी केला हा गाढवपणा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे झालो, सांगणार होतो की मी. तेवढ्यात तानाजीराव मधे आले. सगळ्या क्लबसमोर, नाथासमोर, भागीसमोर, डॉक्टरांच्या डोळ्याला डोळा लावून, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले,

"गाढवपणा म्हणू नका, डॉक्टर. माझ्या मेव्हण्याचा अंगठा आहे तो."